कसं लागतंय ते सांग

पहिला घास मामा खायचे. ताट माझ्यासमोर असायचं, पण त्यावरचं झाकण काढून पहिला घास ते स्वतः उचलायचे, माझ्या तोंडाकडे बघत चावायचे, गिळायचे आणि मग बिडी पेटवायचे. बिडी संपेपर्यंत मी ताटाला हात लावायचा नाही. बोटीवरची रीत होती ती. भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, खलाशांच्या समोर आधी स्वतः खातो. त्याला काही झालं नाही तर बाकीचे जेवायला बसतात.

"भंडारी मेला तरी बोट चालते," मामा म्हणायचे. "खलाशी मेले तं कोन चालवनार?"

बिडी संपली की थोटूक चुलीत जायचं. मग ते म्हणायचे, "खा. कसं लागतंय ते सांग."

त्या एका बिडीच्या वेळात मी जितका घाबरलेला असायचो, तितका पुढे ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा घाबरलो नाही.

मामा माझे कोणी नव्हते, घरमालक होते. साठचं दशक संपत आलं तेव्हा मला भाईंदरच्या एका मिठागराच्या कचेरीत कारकुनी मिळाली. स्टेशनजवळच्या खोल्या परवडेनात, म्हणून कोणीतरी सुचवलं, सायकल असेल तर तारोडीला जा. राई, मुर्धा मागे टाकत, दोन्ही बाजूंनी मिठागरं आणि खाजणं बघत मी एका संध्याकाळी तिथे पोचलो. समुद्राच्या अंगाचं कौलारू घर, दारात क्रूस, ओट्यावर एक काटकुळा म्हातारा लसूण सोलत बसलेला. गावात त्याला सगळे बोटवाला म्हणत. उभा जन्म परदेशी जाणाऱ्या बोटींवर रांधण्यात गेला होता.

भाडं त्यांनी सांगितलं ते स्वस्त होतं. मग म्हणाले, "एक अट हाय. माज्या घरात दुसरी चूल न्हाय पेटायची. जेवाला आमच्यासंगती बसायचं. आन् रविवारी मी करीन ते खायचं."

शेजारची मासे विकणारी बाई पाटी घेऊन जात होती. ती हसत म्हणाली, "हो बोल, हो बोल. पन रविवारी पोट गावाला ठेवून ये."

मी हो म्हणालो. मला वाटलं, माणूस कोंबडी-बिंबडी करत असेल.

इथे माझ्या भीतीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं पोरकट वाटेल. रत्नागिरीकडच्या आमच्या गावी, मी लहान असताना, काकांच्या घरी पावसाळ्यात रानातली अळंबी शिजवली होती. मला बोलावलं होतं. मी कशावरून तरी रुसलो होतो म्हणून गेलो नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काकी आणि माझी चुलतबहीण गेल्या. बहीण माझ्याच वयाची होती. अळंबी ओळखण्यात काकीचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, हे मोठी माणसं पुनःपुन्हा बोलत होती, आणि मला तेच सगळ्यांत भयंकर वाटत होतं. त्यानंतर ओळखीचं नसलेलं काहीही तोंडाशी आलं की माझा घसा आवळतो. आणि आपण रुसलो म्हणून वाचलो, याची लाज अजून गेलेली नाही.

मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नाही. तरुण माणसाने, नोकरदार माणसाने जेवणाला भ्यायचं, हे सांगायचं कसं?

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आले की मामा कोट काढून खुंटीला लावत, बाह्या वर करत आणि बंदराचं नाव घेत. "आज रंगून." मग परसातल्या बरणीचं फडकं सुटायचं. बरणीत जवळा मिठात घालून उन्हात ठेवलेला असायचा, पार लगदा होऊन तपकिरी पाणी सुटेपर्यंत. त्यासाठी जाडं मीठ मीच कचेरीतून आणायचो. मांजरंसुद्धा त्या बरणीपासून लांब बसत. "आज शांघाय," म्हणाले की बदकाची अंडी यायची. चुना, राख आणि मीठ यांच्या चिखलात घालून त्यांनी ती परसात पुरून ठेवलेली असत. कवच फोडलं की आतलं पांढरं काचेसारखं काळं निघायचं आणि बलक हिरवा. एकदा फ्रान्सचं कुठलंसं बंदर होतं. त्या दिवशी खडकावरची कालवं आली, पण आमच्याकडे करतात तसं त्यांचं कालवण नव्हतं. जिवंतच होती. मामांनी शिंपल्यात ताडी आंबवून केलेल्या शिरक्याचा थेंब सोडला तेव्हा त्यातलं मांस आक्रसलं. ते मी पाहिलं.

"हलतंय, मामा."

"मेलेलं खायचं असंल तं बाजारात जा. खा."

मी डोळे मिटून गिळलं. मग प्रश्न आलाच. "कसं लागतंय?"

"चांगलं आहे."

हे माझं उत्तर. रंगूनला तेच, शांघायला तेच. किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या पाण्याच्या पिशवीसारख्या प्राण्याचं, जेलीफिशचं, त्यांनी मीठ लावून, वाळवून, कातरून लोणचं केलं, तेव्हाही तेच. मला वाटायचं, ही माझी परीक्षा आहे. चांगलं म्हटलं की सुटलो. खरं तर घास जिभेला लागू न देता घशात ढकलायची युक्ती मी शिकलो होतो. चव मला जेमतेम कळायची, कारण मी ती घेतच नव्हतो.

मामा माझ्याकडे थोडा वेळ बघत राहायचे. "चांगलं तं पानी बी असतं," असं पुटपुटून उरलेलं मुकाट्याने संपवायचे. कधी मामींना विचारायचे. मामी गरीब स्वभावाच्या, पण तोंडाने फटकळ. "आता म्हातारपनी काय सांगू? मना तुमची रंगून न्हाय पायजे, मना बोंबील पायजे," म्हणत त्या वेगळ्या ताटात बोंबलाचं कालवण घेऊन बसायच्या.

मामांच्या इतर सवयीही विचित्र होत्या. चहात साखर किती, हे ते कधी सांगत नसत. मामी घालतील तेवढी. भाजी चिरताना ते तिचा आवाज ऐकत, कांदा तेलात पडला की कान पुढे करत. "आता झाला," म्हणत, आणि तो झालेलाच असे. फणस, आंबा पिकला का, ते हाताने दाबून बघत, नाकाशी कधी नेत नसत. मी हे सगळं पाहत होतो आणि मला वाटायचं, काय कसबी माणूस आहे.

मग एका रविवारी मामी बहिणीकडे गेल्या होत्या. त्या दिवशीचं बंदर आठवत नाही. मासा होता, वर कांदा आणि शिरका. मामांनी झाकण काढलं आणि मला रॉकेलचा वास आला. आधी वाटलं, कंदील कलंडला असेल. मग कळलं की वास ताटातून येतोय. शिरक्याची आणि रॉकेलची बाटली फळीवर शेजारी शेजारी असत. मामांनी पहिला घास उचलला. माझ्या तोंडाकडे बघत चावला. शांतपणे. बिडी काढली आणि काडी ओढायला घेतली.

"मामा, काडी नको."

"का?"

मी ताटाकडे बोट दाखवलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तोपर्यंत फक्त आरशात पाहिलं होतं. ते घाबरले होते.

तेवढ्यात मामी परत आल्या. उंबऱ्यातच त्यांनी नाक धरलं. "अगो माजे आये, रॉकेल कोनी सांडलं?" आणि मग ताट दिसल्यावर त्यांनी ते उचललं, मामांना मागच्या दारी नेलं, चूळ भरायला लावली, मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं.

संध्याकाळी मामी माझ्या खोलीच्या दारात आल्या. आत न येता म्हणाल्या, "गावात न्हाय ना सांगनार?"

"काय, मामी?"

"त्यांना वास न्हाय, चव न्हाय. बोटीवर मोठा ताप आलता. उतरला आन् सगलं घेऊन गेला. साखर न्हाय, मिरची न्हाय. माती खाल्ल्यासारखं जेवतात. बोटीवर सांगितलं असतं तं पयल्या बंदरात उतरवला असता. खलाश्यांची तोंडं बघून मीठ घालायचे. तशी वर्सं काढली."

मी कोणाला सांगणार नाही म्हणालो. त्या गेल्यावर मी खाटेवर बसून राहिलो. अंगावर काटा आला होता. वाईट वाटलं म्हणून नाही, हे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. इतके रविवार त्यांचा पहिला घास बघून मी माझा घास उचलत होतो. त्या बिडीच्या धुरावर माझा जीव टांगलेला होता. आणि ज्याला रॉकेल कळत नाही, त्याला नासलेलं, किडलेलं, विषारी काय कळणार होतं? काकीला तरी सगळं कळत होतं.

दुसरी गोष्ट मला कळायला वेळ लागला. ते माझी परीक्षा घेत नव्हते. पाहिलेली सगळी बंदरं ते परत रांधत होते आणि माझ्या जिभेने ती चाखायला बघत होते. आणि मी दर रविवारी त्यांच्या हातावर काय ठेवत होतो? चांगलं आहे.

हे कळल्यावर तरी मी सुधारायला हवं होतं. नाही सुधारलो. आता तर मी जास्तच भ्यालो होतो. घास आणखी लवकर गिळायला लागलो. खोली बदलायची तर हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर दुसरीकडे तेवढ्या भाड्यात जागाही नव्हती. "चांगलं आहे" हे माझ्या तोंडून घास गिळायच्या आधीच बाहेर पडू लागलं. मामांना ते कळत होतं. तोंडं वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता.

एकदा ते ओट्यावर म्हणाले, "तुज्यापेक्षा तो बोटीवरचा मुका खलाशी बरा होता. तिखट झालं की त्याचे कान लाल व्हायचे."

तारोडीच्या जाळ्यांत केंड यायचे. केंड हा मासा बाहेर काढला की पोट फुगवून चेंडूसारखा होतो. कोळी तो वाळूत फेकून देतात, पोरं लाथेने उडवतात. कोणी घरी नेत नाही. आमच्या रत्नागिरीकडेही नाही. खाल्ला तर माणूस मरतो, हे समुद्राकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पावसाळ्याच्या आधीचा रविवार होता. मामी एका मयताला गोराईला गेल्या होत्या. मी अंघोळ करून परसात आलो तर मामा पाटावर बसून मासा साफ करत होते. शेजारी पाण्याची बालदी, एका केळीच्या पानावर आतडी काढून ठेवलेली. कातडीवरच्या काट्यांवरून मी तो ओळखला.

"मामा, हा केंड आहे."

"हाय."

"हा खात नाहीत."

"जपानात खातात. कोबे बंदरात मी खाल्लाय. ताप यायच्या आधी." ते सुरीवरून नजर न हटवता बोलत होते. "चव काय खास न्हाय. पन खाल्ल्यावर ओठांवर मुंग्या चालतात. अशा बारीक. तवा मना वाटलं, हे काय. आता वाटतं, मुंग्या ही काय चव न्हाय, पोरा. चव गेलेल्या मानसाला बी त्या कलतील."

"तो कापायचा कसा हे त्यांना ठाऊक असतं. तुम्हाला ठाऊक आहे?"

"तिथल्या भंडाऱ्याला कापताना बगितलाय."

"जवळून?"

सुरी थांबली. "दारातून," ते म्हणाले.

मी धावत जाऊन कोणाला तरी बोलावायला हवं होतं. गेलो नाही. कोणाला काय सांगणार होतो? त्यांचं गुपित कोणाला सांगणार नाही, असं मी मामींना कबूल केलं होतं. मी मागच्या दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. मासा कढईत गेला. मामा कान पुढे करून तेलाचा आवाज ऐकत होते. "आता झाला," म्हणाले. मला आत बसवून ताट मांडलं, माझ्यासमोरच, नेहमीसारखं. झाकण काढलं. चार पांढरे तुकडे होते, वर काही नाही, लिंबूसुद्धा नाही.

त्यांनी एक तुकडा उचलला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर काकीचं घर आलं. अंगणात उलटे ठेवलेले चपलांचे दोन जोड, काकीचा आणि बहिणीचा. आणि त्याच वेळी दुसरंही आलं. बिडी संपेल आणि मग माझी पाळी. पोलीस येतील, विचारतील, तू समोर बसला होतास ना? हे सगळं एका श्वासात माझ्या मनात होतं. मी त्यांच्या हातावर फटका मारला. तुकडा खाली पडला. ताट उचलून मी परसात पळालो.

मागून मांजर आलं. मी त्याच्यावर ओरडलो, दगड मारला. कावळे जमले. पायाने वाळू उकरेना म्हणून हातांनी खड्डा केला, तुकडे, केळीचं पान, ताटातलं तेल, सगळं पुरलं, वर दगड ठेवले. मग पुन्हा घरात येऊन जमिनीवर पडलेला तुकडा शोधला आणि तोही नेऊन पुरला. विहिरीवर मी हात धूत राहिलो. राख लावली, माती लावली, परत राख लावली. नखांत काही राहिलं असेल म्हणून काडीने नखं कोरली. बोटांतून रक्त आलं, तेव्हा वाटलं आता विष रक्तात गेलं, आणि मी काठावर बसून मरायची वाट पाहू लागलो.

मामा दारात उभे होते.

"तुला काय वाटलं, मना मरायचं होतं?"

मी होकाराची मान हलवली.

"मना खायचं होतं," ते म्हणाले आणि आत गेले.

त्या दिवसापासून रविवारचं बंदर बंद झालं. मामींना आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही. बरण्या फडकं बांधलेल्या तशाच राहिल्या. मामा मिस्सेहून येत, कोट काढत आणि ओट्यावर बसून राहत. माझं ताट मामी खोलीवर आणून देत. बोंबील, भाकरी, डाळ. सगळं ओळखीचं. मला जे हवं होतं तेच. आणि ते मला गिळवत नव्हतं. मी एका माणसाचा जीव वाचवला होता, असं म्हणता आलं असतं. पण त्याला त्या केंडापर्यंत कोणी नेलं, हे मला रोज ताटावर बसलं की आठवायचं. इतक्या रविवारांत एकदा जरी मी धड सांगितलं असतं की अंडं खडूसारखं लागतं आणि मागून गंधकाचा वास येतो, जवळ्याने जीभ चुरचुरते, कालवाची चव लाट नाकातोंडात गेल्यासारखी असते, तर त्यांना मुंग्या शोधाव्या लागल्या नसत्या.

पाऊस लागला. मिठागरं पाण्याखाली गेली, कचेरीत काम नसायचं. अशा एका रविवारी मामी खोलीवर आल्या, पण हातात ताट नव्हतं. "बोलावलाय," म्हणाल्या. "मी काय सांगनार न्हाय. ये."

मामांनी बाह्या वर केल्या होत्या. ताट माझ्या जागेवर होतं, झाकलेलं. मी बसलो. त्यांनी झाकण काढलं. भात होता आणि वर घट्ट, तपकिरी काहीतरी.

"कुठलं बंदर, मामा?"

"रत्नांगिरी."

कुळथाची पिठी होती. मी आलो त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, घरी काय खातोस, आणि मी दोन शब्दांत सांगितलं होतं. भाईंदरच्या बाजारात आमच्याकडच्या एका बाईने मामींना कुळथाचं पीठ दिलं होतं. कृती मामांनी मनानेच रचली होती.

त्यांनी पहिला घास घेतला. बिडी काढली नाही. "आज तुज्या घरचं हाय," म्हणाले. "खा."

मी घास घेतला आणि या वेळी तो जिभेवर ठेवला. किती दिवसांनी मी खरोखर काही चाखत होतो, कोण जाणे. घसा आवळला होताच. तो आवळलेलाच राहू दिला आणि चावत राहिलो.

"कसं लागतंय?"

"चांगलं नाही, मामा."

मामा पुढे सरकले. "बोल."

"लसूण करपलाय. कडू लागतोय, अगदी मागे, घशाजवळ. पीठ नीट भाजलं नाही, कच्चा वास येतोय, ओल्या भिंतीसारखा. आमसूल कमी पडलंय. आई करते ती गिळली की कानांखाली आंबट कळ येते, ती येत नाही. नारळ बरोबर आहे. नारळ गोड आहे, पण तो कुठेतरी लांब आहे, दुसऱ्या खोलीत कोणी बोलावं तसा."

त्यांनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते. "आनखी."

"मीठ जास्त झालंय."

"जास्त म्हंजे कसं? ते सांग."

मिठागराच्या कचेरीत माझी नोकरी. रोज पोत्यांची नोंद करायचो, बुटांत मीठ, केसांत मीठ, घामात मीठ. आणि मीठ कसं लागतं, ते मला सांगता येईना. म्हातारा डोळे मिटून वाट बघत होता. मी पुन्हा एक घास घेतला.

"वैशाखात दुपारी मिठागराच्या बांधावर उभं राहावं," मी म्हणालो. "खाडीकडून वारा असतो. ओठांवर मीठ बसतं. ओठ चाटले की पहिल्यांदा बरं वाटतं, म्हणून परत चाटावेसे वाटतात. मग ते फुटतात. जीभ जाड होते, टाळ्याला चिकटते. समोर सगळं पाणीच पाणी असतं, पण त्यातला एक थेंब पिता येत नाही. तसं लागतंय."

मामांनी डोळे न उघडताच हात लांब केला, चाचपडत पाण्याचा तांब्या उचलला आणि घटाघटा प्यायला लागले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं, तरी ते थांबले नाहीत.